बोअरस्कोप इन्स्पेक्टरचं काम नेमकं काय असतं?

प्रश्न असा आहे: लाइन मेंटेनन्समध्ये, म्हणजे विमानतळावर उभ्या विमानांच्या देखभालीत, काही वर्षं काढलेल्या तंत्रज्ञाला कंपनी बोअरस्कोपच्या (इंजिनाच्या आत घालून बघायच्या कॅमेऱ्याच्या) ट्रेनिंगला पाठवायला तयार आहे. त्याला तीन गोष्टी जाणून घ्यायच्या आहेत. हे काम म्हणजे रात्रभर स्क्रीनकडे बघत बसणं आहे का? यात पुढे वाव आहे का? आणि थोड्या वर्षांत सॉफ्टवेअरच हे करू लागलं तर?

ट्रेनिंग मिळत असेल तर सोडू नका. पण काम कशाचं आहे ते नीट समजून जा, कारण बाहेरून दिसतं त्यापेक्षा ते बरंच वेगळं आहे. स्क्रीनकडे बघणं हा त्यातला सगळ्यात सोपा भाग. आपण इंजिनात या क्षणी कुठे आहोत हे पक्कं ठाऊक असणं अवघड, आणि काय बघायचं राहिलं हे स्वतःहून लिहिणं त्याहून अवघड. चांगला इन्स्पेक्टर मी या शेवटच्या गोष्टीवरून ओळखतो. तीक्ष्ण नजरेचे खूप जण भेटतात, "हा भाग मला दिसला नाही" असं कागदावर लिहिणारे कमी.

ज्यांनी हे काम पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. जेट इंजिन पंखाखालून न उतरवता आतून तपासता यावं म्हणून त्याच्या केसिंगवर ठिकठिकाणी छोटे पोर्ट ठेवलेले असतात आणि एरवी ते प्लगने बंद असतात. प्लग काढायचा आणि लवचीक नळी आत घालायची. नळी साधारण ४ ते ६ मिलिमीटर जाडीची, टोकाला कॅमेरा आणि उजेड, हातातल्या जॉयस्टिकने टोक हवं तिकडे वळतं. डॉक्टर एंडोस्कोपी करतात त्याच जातीचं हे यंत्र. त्याआधी ताठ स्कोप होते, त्यांना डोळा लावून बघायचं. कंप्रेसरच्या (हवा दाबणाऱ्या भागाच्या) एखाद्या टप्प्यासाठी, म्हणजे ब्लेडांच्या एखाद्या रांगेसाठी, मला ते अजूनही आवडतात. टोक थरथरत नाही आणि चित्र स्वच्छ येतं. पण आता बहुतेक काम व्हिडिओस्कोपवरच होतं.

तपासणी दोन कारणांनी होते. एक ठरलेली: इतक्या सायकल (एक उड्डाण आणि उतरणं म्हणजे एक सायकल) किंवा इतके तास झाले की अमुक टप्पे बघायचे. दुसरी अचानक येते. पक्षी धडकला, एक्झॉस्टचं तापमान मर्यादेबाहेर गेलं, इंजिनाने सर्ज केलं (आतल्या हवेचा प्रवाह बिघडून धक्का बसला), तेलातले कण पकडणाऱ्या चिप डिटेक्टरवर धातूचे कण सापडले, व्हायब्रेशन वाढलं. ही दुसरी बहुधा रात्री येते आणि विमान सकाळी जायचं असतं.

आता "आपण कुठे आहोत" या भागाकडे येऊ, कारण ट्रेनिंगचे पहिले दिवस यातच जातात. स्कोप आत गेला की नवख्या माणसाला काहीच उमगत नाही. स्क्रीनला वर-खाली नसतं. नळीला मनगटातून जरा पीळ बसला की सगळं चित्र फिरतं. मॅन्युअलमध्ये पोर्टची जागा घड्याळाच्या काट्यांप्रमाणे दिलेली असते आणि ती बहुधा इंजिनाच्या मागे उभं राहून पुढे बघताना धरायची असते. तुम्ही मात्र काउलखाली (इंजिनाच्या उघडलेल्या आवरणाखाली) वाकून बाजूला उभे असता. त्यात साइड-व्ह्यू टिप (टोकावर बसवायची लेन्स) लावलेली असेल तर कॅमेरा नळीच्या रोखाने न बघता काटकोनात बघतो. म्हणजे नळी पुढे सरकवली की चित्र बाजूला सरकतं.

यावर माझी सवय अशी की दोष शोधायला लागण्याआधी खुणा पक्क्या करायच्या. ब्लेडची फुगीर बाजू कुठली, खोलगट कुठली, त्यावरून रोटर (ब्लेडं बसवलेला फिरणारा भाग) कोणत्या दिशेने फिरतो ते कळतं. स्थिर व्हेन कुठे संपतात आणि फिरणारी ब्लेडं कुठे सुरू होतात ते बघायचं. मग टोक आणि मूळ. हे चार मुद्दे जुळले की तोंडाने म्हणायचं: "एचपीटी, लीडिंग एज, टोकाकडे बघतोय." (एचपीटी म्हणजे हाय प्रेशर टर्बाइन, तापलेल्या वायूने फिरणारा भाग; लीडिंग एज म्हणजे ब्लेडची प्रवाहाला आधी भिडणारी कड.) शेजारी कोणी नसलं तरी म्हणायचं. व्हिडिओत आवाज रेकॉर्ड होत असेल तर उत्तमच, महिन्याभराने तो व्हिडिओ बघणाऱ्याला तेवढाच आधार.

रोटर फिरवण्यातही मेख आहे. कोअर (इंजिनाचा आतला, हाय प्रेशर कंप्रेसर आणि टर्बाइनचा भाग) फिरवण्यासाठी ॲक्सेसरी गिअरबॉक्सवर एक ड्राइव्ह असतो. त्याचं कव्हर काढून रॅचेट (हाताने फिरवायचा पाना) किंवा पायाच्या पेडलवर चालणारी मोटर लावतात. मध्ये गिअर असल्यामुळे रॅचेटचा एक फेरा म्हणजे रोटरचा एक फेरा नव्हे, तेव्हा फेरे मोजून काही सिद्ध होत नाही. ब्लेडं मोजायची. सीएफएम५६-७बी या इंजिनाच्या हाय प्रेशर टर्बाइनला ८० ब्लेडं असतात. तुमची मोजणी ७९ वर पुन्हा पहिल्या खुणेवर आली तर एक ब्लेड बघितल्याशिवाय निसटलं. ८१ वर आली तर कुठेतरी हात मागेपुढे झाला. दोन्ही वेळा करायचं एकच, पुन्हा पहिल्यापासून फेरी. पहिली खूण म्हणून एखाद्या ब्लेडवरचा लेपाचा वेगळा डाग चालतो, कंप्रेसरच्या काही टप्प्यांत लॉकिंग लगची (ब्लेडं जागेवर धरणाऱ्या तुकड्याची) जागा ओळखू येते. खूण कोणतीही घ्या, तिचा फोटो आधी काढून ठेवा.

रॅचेटवर माणूस असेल तर त्याच्याशी शब्द आधी ठरवून घ्या. आमच्याकडे "चल", "थांब" आणि "एक मागे" एवढेच तीन चालतात. "जरा हळू" या शब्दाचा प्रत्येकाचा अर्थ निराळा. आणि नळी दोन ब्लेडांच्या मध्ये असताना रोटर हलला तर ती कात्रीत सापडते. टोकाचा तुकडा आत पडला तर तपासणी बाजूला राहते आणि त्या तुकड्यासाठी इंजिन उतरवायची वेळ येऊ शकते. म्हणूनच मागच्या टर्बाइनमध्ये स्कोप असताना पुढचा फॅन बांधून ठेवायचा. उघड्यावर उभ्या विमानाचा फॅन साध्या वाऱ्यानेही फिरतो आणि फॅनच्याच शाफ्टवर लो प्रेशर टर्बाइन असते. बाहेर काढतानाही टोक आधी सरळ करायचं, वळण लॉक ठेवून ओढायचं नाही. इग्निटरचं (ठिणगी टाकून इंधन पेटवणाऱ्या भागाचं) सर्किट ब्रेकर काढून टॅग लावल्याशिवाय तर त्या पोर्टला हातही लावायचा नाही.

एक प्रसंग जवळून सांगतो, म्हणजे काम कसं चालतं ते कळेल. इग्निटर काढून त्याच पोर्टमधून नळी कंबस्टरमध्ये, म्हणजे इंधन जळतं त्या भागात, जाते. समोर लायनरची भिंत, त्यावर थंड हवेच्या छिद्रांच्या रांगा, काही ठिकाणी लेप उडालेला. फ्यूएल नोझलभोवती काळी कार्बनची साय. ती समान असेल तर चिंता नसते. एकाच नोझलमागे लायनर फिकट, जळका दिसला तर त्या नोझलची फवारणी बिघडली असेल असं मनात धरायचं आणि त्याच रेषेत मागे टर्बाइनच्या व्हेनवर काय झालंय ते मुद्दाम बघायचं. तिथून टोक वळवत दोन नोझल गाइड व्हेनच्या (टर्बाइनच्या ब्लेडांआधीच्या स्थिर पात्यांच्या) मधल्या फटीतून पलीकडे न्यायचं. तिथे टर्बाइनची ब्लेडं एकामागून एक समोरून जातात. लीडिंग एजवर बारीक छिद्रांच्या रांगा, त्यांतून उड्डाणात थंड हवा बाहेर येऊन ब्लेडभोवती पातळ पडदा धरते. ब्लेड टिकतं ते या पडद्यामुळे, कारण आधुनिक इंजिनात टर्बाइनमध्ये शिरणाऱ्या वायूचं तापमान १५०० अंश सेल्सिअसच्या पुढे असतं, म्हणजे ब्लेडचा मिश्रधातू वितळेल त्याहून जास्त. म्हणून छिद्रं उघडी आहेत का हे मी तड्यांच्या आधी बघतो. छिद्र बुजलं की आसपासचा लेप आधी रंग बदलतो, मग फुगतो, मग सुटतो, मग खालचा धातू जळायला लागतो. तडा बहुधा या साखळीत उशिरा येतो.

आणि हे सगळं ८० वेळा, त्याच लक्षाने. १९४८ मध्ये नॉर्मन मॅकवर्थ या मानसशास्त्रज्ञाने रडारवर बसणाऱ्यांच्या सावधपणावर प्रयोग प्रसिद्ध केले. एकसुरी दृश्य बघत राहिलं की पहिल्या अर्ध्या तासातच चुका वाढतात, असं त्यात दिसलं. आमचं काम तेच, फक्त पडद्यावर ठिपक्याऐवजी ब्लेड. त्यामुळे ट्रेनिंगमध्ये कोणी शिकवो न शिकवो, मोठी तपासणी टप्प्याटप्प्याने फोडा. एका टप्प्याची फेरी पूर्ण झाली की उठा, डोळे दूरवर न्या, जमल्यास रॅचेट आणि जॉयस्टिकची अदलाबदल करा. फेरीच्या मध्ये मात्र उठायचं नाही. फोन आला तर येऊ द्या. मध्येच उठलात की परत आल्यावर "आपण ३४ वर होतो की ४३ वर" असा वाद स्वतःशीच होतो आणि त्यात नेहमी सोयीचा आकडा जिंकतो.

तडा आहे की नाही हे ठरवणं वेगळी कला आहे. काजळीची रेघ, लेपाची जोडरेघ, मशीनिंगची खूण, लेन्सवरचा तेलाचा थेंब, नुसती सावली, हे सगळं पहिल्या नजरेला तडाच वाटतं. तपासायचे मार्ग साधे आहेत. उजेडाचा कोन बदला. सावली जागा बदलते, तडा बदलत नाही. दुसऱ्या बाजूने, दुसरी टिप लावून बघा. टोक बाहेर काढून लेन्स पुसा, हे लोक विसरतात. मग शेजारची ब्लेडं बघा. प्रत्येकावर अगदी त्याच जागी तीच रेघ असेल तर ती बहुधा बनावटीचा भाग आहे. "बहुधा" म्हणतो, कारण एकाच रचनेच्या सगळ्या ब्लेडांना एकाच जागी तडे जाऊ शकतात आणि तशा प्रकारांवर उत्पादकांनी बुलेटिन काढलेली आहेत. तेव्हा मॅन्युअलमधलं चित्र उघडून खात्री करायची.

मग मोजणी. इथेच मतभेद होतात, इथेच पैसा अडकतो. नुसतं चित्र लांबी सांगत नाही. टोक जवळ नेलं की दोन मिलिमीटरचा खड्डा स्क्रीनभर होतो. म्हणून स्टिरिओ टिप किंवा पृष्ठभागावर रेघांचा प्रकाश टाकून खोली काढणारी पद्धत वापरतात. दोन्हींत यंत्र हुशार असलं तरी बिंदू तुम्ही ठेवता. समजा, हाय प्रेशर कंप्रेसरच्या ब्लेडच्या लीडिंग एजला निक (बारीक खाच) आहे. कडेच्या दोन अखंड जागांवर दोन बिंदू ठेवून मूळ कडेची रेषा काढायची आणि तिच्यापासून निकच्या तळापर्यंत खोली मोजायची. एक बिंदू चुकून थोडा खाली, वाकलेल्या भागावर पडला की खोली कमी येते, ब्लेड पास होतं. मी तीनदा मोजतो, प्रत्येक वेळी टोक हलवून नव्याने. तिन्ही आकडे जवळपास आले तर विश्वास ठेवायचा. फरक मोठा असेल तर टोक फार लांब आहे किंवा कोन तिरपा आहे, आणि त्यातला सोयीचा आकडा उचलून पुढे जाता येत नाही. निकची जागाही महत्त्वाची असते. टोकाकडच्या भागात मर्यादा जरा सैल, मुळाजवळ जवळजवळ काहीच चालत नाही, कारण सगळा ताण तिथे येतो. सीएफएम५६-७बीचा हाय प्रेशर रोटर १०० टक्क्यांवर मिनिटाला १४,४६० फेरे घेतो. त्या वेगाला मुळाजवळची बारीक खाच पुढे तडा होते.

मोजमाप मर्यादेत असेल तर सोडून द्यायचं, बाहेर असेल तर इंजिन उतरवायचं, असं दोन टोकांचं चित्र नवख्यांच्या डोक्यात असतं. मॅन्युअलमध्ये मधल्या पायऱ्या असतात. इतक्या सायकलनंतर पुन्हा बघा. एवढीच उड्डाणं करून मुख्य तळावर न्या. काही निक पोर्टमधूनच घासून गुळगुळीत करता येतात, त्याला वेगळं कौशल्य आणि वेगळी परवानगी लागते. त्यामुळे "चालेल का?" या प्रश्नाला तुमचं उत्तर मॅन्युअलच्या ओळीसह असलं पाहिजे. अनुभवावरून "मी याहून वाईट चाललेली पाहिलीत" हे वाक्य हँगरमध्ये खूप ऐकू येईल. ते गप्पांना ठीक आहे.

आता असं इंजिन, जे बाहेरून आणि आकड्यांत अगदी धडधाकट दिसतं. २८ फेब्रुवारी २००० च्या पहाटे नासाचं डीसी-८ हे संशोधन विमान आइसलँडमधल्या हेक्ला ज्वालामुखीच्या राखेच्या विरळ ढगातून नकळत गेलं. वैमानिकांना काहीच जाणवलं नाही, राख टिपली ती विमानातल्या संवेदनशील शास्त्रीय उपकरणांनी. उतरल्यावर फॅनच्या ब्लेडांवर दिसण्यासारखं नुकसान नव्हतं. इंजिनाच्या ट्रेंडच्या आकड्यांतही (उड्डाणागणिक नोंदलेल्या कामगिरीच्या आकड्यांत) काही नव्हतं. नंतर बोअरस्कोप घातला तेव्हा टर्बाइनमधले थंड हवेचे मार्ग बुजलेले सापडले. राख आत वितळून चिकटली होती, काही ब्लेडं अर्धवट थंड होत चालली होती आणि त्यांचं उरलेलं आयुष्य १०० तासांइतकं कमी असू शकेल असा निष्कर्ष निघाला. चारही इंजिनं उतरवून दुरुस्त करायला ३२ लाख डॉलर लागले. ट्रेंड मॉनिटरिंगवर सगळं कळतं असं कोणी म्हणालं की मी हे उदाहरण देतो.

पण उलट बाजूही तितक्याच ठामपणे सांगायला हवी. बोअरस्कोपला दिसतो तो पृष्ठभाग, आणि तोही जिथे नळी पोचते तिथलाच. १७ एप्रिल २०१८ रोजी अमेरिकेत एका बोइंग ७३७-७०० विमानाच्या सीएफएम५६-७बी इंजिनाचं फॅन ब्लेड उड्डाणात तुटलं आणि एका प्रवाशाचा जीव गेला. ब्लेडला धातूच्या थकव्याने तडा गेला होता तो मुळाच्या डोव्हटेलमध्ये, जो भाग डिस्कच्या खाचेत बसलेला असतो. तिथे कॅमेरा पोचत नाही. त्यानंतर अल्ट्रासॉनिक (ध्वनिलहरींनी धातूच्या आतलं बघणाऱ्या) तपासणीचे आदेश निघाले. तसंच २०२३ मध्ये प्रॅट अँड व्हिटनीच्या पीडब्ल्यू११००जी इंजिनांचं झालं. पावडर मेटलपासून घडवलेल्या काही डिस्कच्या धातूतच अशुद्धी राहिली होती, आणि त्यासाठी शेकडो इंजिनं उतरवून डिस्क अल्ट्रासॉनिकने तपासाव्या लागल्या. कितीही महाग स्कोप असो, धातूच्या पोटातलं त्याला दिसत नाही. मॅनेजरने "एकदा स्कोप मारून खात्री करून टाक" म्हटलं, तर कशाची खात्री होईल आणि कशाची होणार नाही हे सांगणं तुमच्या कामात धरलेलं आहे.

आता रिपोर्टबद्दल, म्हणजे माझ्या मुख्य मुद्द्याकडे. "कंबस्टर तपासला, ठीक" हे वाक्य मला रिपोर्टमध्ये चालत नाही. कुठल्या पोर्टमधून, कुठली टिप लावून, कोणत्या कोनापासून कोणत्या कोनापर्यंत? बाहेरचा लायनर दिसला असेल, आतल्या लायनरचा खालचा भाग दिसला का? एका इग्निटर पोर्टमधून लायनरचा सगळा घेर नीट दिसेलच असं नाही. नळी तिथवर वळली नाही तर तसं लिहायचं: "५ ते ७ वाजण्याच्या दरम्यानचा आतला लायनर दिसला नाही, दुसऱ्या पोर्टमधून बघणं आवश्यक." लिहिलं की मग कोणीतरी निर्णय घेईल, दुसरा पोर्ट उघडेल किंवा इंजिनीअरिंगला विचारेल. लिहिलं नाही तर पुढचा माणूस धरून चालतो की सगळं बघून झालं. पक्षी धडकल्यावरही हेच. अवशेष फक्त बायपासच्या (कोअरला वळसा घालणाऱ्या हवेच्या मार्गातल्या) व्हेनवर आहेत की स्प्लिटरच्या (दोन मार्ग वेगळे करणाऱ्या कडेच्या) आत, कोअरच्या तोंडाशीही आहेत, हे आधी बघून लिहायचं. कोअरच्या आत पिसाचा एक तुकडा, रक्ताचा एक फराटा सापडला की तपासणीचा आवाका बदलतो. नाक वापरायलाही लाजू नका, जळक्या मांसाचा वास कंप्रेसरच्या ब्लीडमधून (केबिनसाठी काढून घेतलेल्या हवेतून) केबिनपर्यंत येतो आणि वैमानिकाने तशी नोंद केलेली असते.

तपासणी संपली की सगळे दमलेले असतात आणि सगळ्यात धोक्याचं काम तेव्हाच उरतं, म्हणजे सगळं परत बसवणं. २३ फेब्रुवारी १९९५ ला इंग्लंडमध्ये एक बोइंग ७३७-४०० उड्डाण केल्यावर थोड्याच वेळात दोन्ही इंजिनांचं तेल गमावू लागलं आणि ल्युटनला वळवून उतरवावं लागलं. आदल्या रात्री दोन्ही इंजिनांची बोअरस्कोप तपासणी झाली होती. कोअर फिरवण्याच्या ड्राइव्हची कव्हरं, जी मी वर रॅचेटच्या संदर्भात सांगितली, ती दोन्ही इंजिनांवर परत बसवलीच नव्हती. काम एकाने सुरू केलं, दुसऱ्याने पुढे नेलं, नंतरची इंजिन रनही झाली नाही. ब्रिटिश तपास संस्थेचा त्यावरचा अहवाल कोणत्याही ह्यूमन फॅक्टर्सच्या (माणसांच्या चुका का होतात याच्या) वर्गात शिकवतात. त्यात शिकण्यासारखं बरंच आहे. मी उचललेलं एवढंच: एकाच रात्री एकाच माणसाने दोन्ही इंजिनं उघडायची नाहीत, आणि काढलेला प्रत्येक प्लग, प्रत्येक कव्हर उघडतानाच कागदावर चढवायचं. आठवणीवर बंद करताना यादी तयार केली तर ती आठवणीइतकीच खरी. जुनी ओ-रिंग परत वापरायची नाही, टॉर्क द्यायचा, सांगितलं असेल तिथे लॉकवायर घालायची. मग ज्याने उघडलं नाही अशा कोणाला तरी दाखवायचं.

दबाव येतो का? येतो. लाइनवर गेट रिकामं करायचं असतं, पण तो दबाव निदान उघड असतो. लीज संपून विमान परत देतानाचा जास्त चिवट. विमान देणारा म्हणतो ब्लेड मर्यादेत, घेणारा म्हणतो बाहेर, आणि दोघांचे प्रतिनिधी तुमच्या खांद्यावरून स्क्रीन बघत असतात. अशा वेळी मत देत बसू नये. मोजमाप, फोटो, बिंदू कुठे ठेवले ते दिसेल असा स्क्रीनशॉट, मॅन्युअलची ओळ. एवढं टेबलावर ठेवलं की वाद आपोआप त्या दोघांचा राहतो.

वाव किती, हा दुसरा प्रश्न. कागदपत्रांच्या दृष्टीने हे काम जरा विचित्र जागी बसतं. युरोपच्या पार्ट-१४५ नियमांच्या (विमानांची देखभाल करणाऱ्या संस्थांसाठीच्या) स्पष्टीकरणात बोअरस्कोपला एनडीटी, म्हणजे नॉन-डिस्ट्रक्टिव्ह टेस्टिंग, न म्हणता नॉन-डिस्ट्रक्टिव्ह इन्स्पेक्शन म्हटलंय. म्हणजे एडी करंट किंवा अल्ट्रासॉनिकसारखं लेव्हलचं सर्टिफिकेट यासाठी बंधनकारक नाही, पण माणूस प्रशिक्षित आणि सक्षम आहे हे ठरवण्याची पद्धत संस्थेने स्वतः बांधून मंजूर करून घ्यायची असते. याचा व्यवहारातला अर्थ असा की तुमचं ऑथरायझेशन (तपासणी करून सही करण्याची परवानगी) संस्थेचं असतं आणि नोकरी बदलली की नवी संस्था तुम्हाला पुन्हा तपासते. म्हणून स्वतःचं लॉगबुक पहिल्या दिवसापासून ठेवा: तारीख, इंजिनाचा प्रकार, कोणता भाग, का, काय सापडलं, कोणाच्या देखरेखीखाली. नव्या ठिकाणी यालाच किंमत मिळते. एकच इंजिन खोलवर माहीत असलेला माणूस सुरुवातीला अधिक कामाचा, मग दुसरं-तिसरं इंजिन जोडत जावं. एअरलाइन, इंजिन शॉप, लीजिंग कंपन्यांसाठी काम करणारे सल्लागार, उत्पादकांच्या फिरत्या टीम, सगळीकडे माणसं लागतात. दृष्टीची तपासणी नियमित करून घ्या, जवळचं वाचन आणि रंग दोन्ही. मान आणि कंबर आधी कुरकुरतात, त्याची तयारी ठेवा.

सॉफ्टवेअरचं म्हणाल तर ते आलेलंच आहे. मोटर फिरवत ब्लेडं आपोआप मोजणं, प्रत्येक ब्लेडचा त्याच कोनातून फोटो घेणं, संशयास्पद जागा रंगवून दाखवणं, हे आज चालतं. जीई एअरोस्पेससारख्या उत्पादकांनी ब्लेडच्या फोटोंसाठी अशी साधनं वापरात आणली आहेत. मला ती हवीच आहेत, कारण ७३ व्या ब्लेडला ती कंटाळत नाहीत. पण लेन्सवर तेल आहे हे ओळखून नळी बाहेर काढणं, व्हेनच्या फटीतून वाट शोधणं, एका नोझलमागचा फिकट पट्टा बघून मागची व्हेन मुद्दाम तपासणं, हे अजून माणसाकडेच आहे. फोटोत न आलेल्या भागाबद्दल तर सॉफ्टवेअर काही बोलतच नाही. मोजणीचं कष्टाचं काम कमी होईल, सही करणाऱ्याची जबाबदारी तेवढीच राहील, असा माझा अंदाज.

ट्रेनिंगला होकार देण्याआधी कंपनीला काही गोष्टी विचारून घ्या. वर्ग संपल्यावर प्रत्यक्ष इंजिनावर देखरेखीखाली किती तपासण्या करायला मिळतील? नुसता पाच दिवसांचा वर्ग आणि लगेच सही, असं असेल तर सावध व्हा. ऑथरायझेशन टिकवायला ठरावीक काळात किती काम करावं लागतं आणि तेवढं काम तुमच्या स्टेशनवर येतं का? मोजणी करणारा स्कोप स्टेशनवर आहे की दर वेळी दुसरीकडून मागवतात, आणि त्याची कॅलिब्रेशन तपासणी कोण करतं? आणि शक्य असेल तर एक मागणी नक्की करा: तुम्ही तपासलेलं इंजिन पुढे शॉपमध्ये उघडलं जाईल तेव्हा दोन दिवस तिथे जायला मिळावं. स्क्रीनवर पाहिलेलं ब्लेड हातात घ्यायचं, आपला फोटो शेजारी ठेवायचा, कॅलिपर लावायचं. तुम्ही २ मिलिमीटर लिहिलं होतं आणि कॅलिपर २.४ दाखवतं, तर पुढच्या वेळी बिंदू कुठे ठेवायचा ते तिथेच कळतं. मॅनेजर नाही म्हणाला तर निदान शॉपचा रिपोर्ट तरी तुमच्यापर्यंत येईल अशी सोय करून घ्या. बऱ्याच ठिकाणी तो इंजिनीअरिंगच्या फाइलमध्ये जातो आणि तपासणी करणाऱ्याला कधीच दिसत नाही.